थुंकीत जंतू दिसले, पण सीबीनॅट निगेटिव्ह: टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या का?

विचारणाऱ्याच्या वडिलांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, नाशिकला थुंकीत जंतू सापडले, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) मात्र निगेटिव्ह; म्हणून हा प्रश्न. माझं मत: प्रकृती स्थिर असेल तर जंतूचं नाव कळेपर्यंत थांबा.

मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात. सीबीनॅटला टीबीचे सव्वाशे-दीडशेही पुरतात. ज्याला कमी लागतात त्यालाच सापडत नाहीत, म्हणजे ते बहुधा टीबीचे नाहीतच. त्याच कुळातले, पाण्यात-मातीत राहणारे एनटीएम (टीबी न करणारे जंतू) असावेत. सीबीनॅट पुन्हा करा आणि थुंकी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठवा.

घोळ होतो तो थुंकी देताना. हे जंतू नळाच्या पाण्यातही असतात. नळावर चूळ भरून किंवा डबी विसळून थुंकी दिली की पाण्यातलाच जंतू रिपोर्टात येतो. उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरा. सकाळी खोल खोकून आलेला बेडका, वेगवेगळ्या दिवशी, निदान तीनदा. दोन कल्चरमध्ये तोच जंतू, एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) खुणा आणि लक्षणं, हे तिन्ही जुळलं तरच निदान पक्कं. कल्चरला सहा आठवडेही लागतात. दम वाढला किंवा रक्त पडलं तर मात्र तेवढी वाट बघू नका.

एनटीएमपैकी एव्हियम ही जात निघाली तर अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल. फुप्फुसात पोकळी असेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने अमिकॅसिनही. कल्चर निगेटिव्ह झाल्यावर पुढे बारा महिने औषध चालतं. अझिथ्रोमायसिन एकटं कधीच नको, जंतू त्याला दाद देईनासा होतो. अ‍ॅबसेसस ही दुसरी जात निघाली तर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या कामाच्याच नाहीत.

खरा धोका रिफाम्पिसिनचा आहे. त्याने टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी झपाट्याने खाली येते आणि किडनी नाकारली जाऊ शकते. त्यामुळे किडनीच्या डॉक्टरांना न विचारता पहिली गोळीही देऊ नका. त्याऐवजी रिफाब्युटिन चालेल का, हे त्यांनाच विचारा. पातळीचं रक्त सकाळची टॅक्रोलिमस घेण्याआधी द्यायचं, घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो. अमिकॅसिन किडनीला आणि कानाला जड जातं, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि श्रवणचाचणी हवीच. एथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटला तर त्याच दिवशी कळवा.

शॉवर बंद, बादली-तांब्या बरा. द्राक्षबाग असेल तर माती उकरायचं काम दुसऱ्यावर सोपवा. एनटीएमची घरच्यांना मात्र सहसा लागण होत नाही, ताट-वाटी वेगळी करू नका.