नाशिकचा खासगी गुप्तहेर लिहिताना

पहिल्या मसुद्यात हमखास होणारी चूक म्हणजे गुप्तहेराला पोलिसाचे अधिकार देणं. त्याला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही. कुणाचे कॉल रेकॉर्ड त्याने पैसे देऊन मिळवले तर तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. ही अडचण टाळू नका, कथानक तिच्यावरच उभं करा.

सीसीटीव्हीचंच घ्या. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, जुन्या चित्रणावर नवं चढवतो. लहान दुकानात बहुधा १५ ते ३० दिवसांत. म्हणजे घड्याळ आपोआप सुरू झालं! दुकानदाराने पेनड्राइव्हवर दिलेली प्रत कोर्टात न्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही असते, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा डिजिटल ठसा. ते नसेल तर वकील पुरावा उडवायला बघणारच.

शहराचं बहुभाषिकपण संवादातून येऊ द्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत भोजपुरी, सटाणा-मालेगावकडून आलेल्यांची अहिराणी, जुन्या नाशकातली दखनी वळणाची हिंदी, देवळाली कॅम्पात सिंधी. सगळ्यांच्या तोंडी पुणेरी प्रमाण मराठी घातलीत तर साक्षीदार एकमेकांपासून वेगळे वाटत नाहीत. पाठलाग मात्र रामकुंडावरच नको. अंबडला पाळी सुटतानाची गर्दी जास्त कामाची.