मुद्दाम जुनाट केलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, की नवी घेऊन वाजवून जुनी होऊ द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानात एकाच कंपनीच्या दोन गिटारी आहेत. एक चकचकीत, दुसरी कारखान्यातच रंग खरवडून आणि स्क्रू गंजवून ‘रिलिक’ केलेली. दुसरी वीसेक हजारांनी महाग आहे. हातात ती जास्त मस्त वाटते, पण मित्र दिखावा म्हणून हसतात. मग स्वस्तातली घेऊन घरीच सँडपेपर मारला तर काय बिघडलं?

मी सांगलीत वीसएक वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. आता शिकवतो आणि लोकांच्या गिटारी दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

‘हातात मस्त वाटते’ हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मित्रांचं मनावर घेऊ नका. फक्त त्याचं कारण समोरच्या उडालेल्या रंगात शोधू नका. गिटार उलटी करा आणि नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, पाठीवरून अंगठा फिरवा. तिथली चकाकी घासून काढलेली असते, त्यामुळे घामेजलेला हात चिकटत नाही. बोटं दाबतो त्या फ्रेटबोर्डच्या कडाही गोलसर मारलेल्या असतात. वर्षानुवर्षं वाजवलेल्या गिटारीत हाताला लागणारा फरक असतो तो एवढाच. बाकी सगळं डोळ्यांसाठी. आवाजाचं म्हणाल तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं), तारा, सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) आणि अँप यांच्यापुढे उडालेल्या रंगाचा हिशेब मी तरी धरत नाही.

हा प्रकार सुरू झाला 1995 मध्ये. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने, म्हणजे खास गिटारी बनवणाऱ्या विभागाने, त्या वर्षी अमेरिकेतल्या व्यापारी प्रदर्शनात अशा दोन गिटारी मांडल्या. सुरुवातीची काही वर्षं बॉडी आणि नेक जुनाट करण्याचं काम विन्स कुनेटो नावाचा बाहेरचा कारागीर करून द्यायचा. लोकांनी रांगा लावल्या. पुढे 2009 मध्ये मेक्सिकोत बनलेली स्वस्त ‘रोड वॉर्न’ मालिका आली, 2021 मध्ये गिब्सन या दुसऱ्या बड्या कंपनीनेही याच कामासाठी ‘मर्फी लॅब’ काढली. धातूचे भाग आम्लाच्या वाफेवर धरायचे, प्लॅस्टिक चहा-कॉफीच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं, रंगाच्या लॅकरला एकदम गारठवून बारीक भेगा पाडायच्या, असल्या युक्त्या हौशी लोक घरीही करतात.

आता माझी गिटार. लाल, कलकत्त्याच्या गिवसन कंपनीची, जुनी विकत घेतलेली. तिची झीज एकाही रिलिकशी जुळत नाही, कारण आम्ही ऑर्केस्ट्रावाले खुर्चीत बसून वाजवायचो. रिलिक करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहून वाजवणारा असतो. म्हणून ते पाठीवर बेल्टच्या बकलचे ओरखडे काढतात. माझ्या गिटारीची पाठ जवळजवळ कोरी आहे, रंग गेलाय तो मांडीवर टेकणाऱ्या खाचेत. वरच्या कडेचा मोठा टवका जतहून परतताना टेम्पोत उडाला. गिटार कापडी पिशवीत होती आणि वर कुणीतरी स्पीकरचा खोका ठेवला. कुणी ते आजतागायत कळलेलं नाही, सगळे झोपले होते म्हणे. पांढऱ्या पिकगार्डचा एक कोपरा पिवळट आहे, कारण एका हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्यामुलाच्या मामांना ‘जरा बघू’ म्हणून गिटार हवी होती. उन्हाने डाग फिका झाला, गेला नाही. सांगलीची हळद आहे शेवटी.

आणि गंज? तो कृष्णामाईचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आम्ही गावभागातलं घर सोडून बाहेर पडलो, गिटार माळ्यावर राहिली. पाणी तिथवर पोचलं नाही, पण बंद घरातल्या त्या दमटपणात पिकअपचे स्क्रू, जॅकची पट्टी, ब्रिजचे खोगीर, सगळं तांबडं होऊन बसलं. कारखान्यात आम्लाने होतं ते इथे फुकट झालं. ते बघून मला मुळीच भारी वाटलं नव्हतं. जॅकमध्ये खरखर येत होती आणि गणपती तोंडावर आले होते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने काही लाखांची रिलिक घेतली. ती घेऊन आम्ही मिरजेला गेलो होतो, माझं तिथल्या एका सतारमेकरकडे काम होतं. मिरजेची सतार आणि तानपुरा म्हणजे दीडेकशे वर्षांची परंपरा, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हाताऱ्याने गिटार हातात घेतली, उडालेल्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिरपी धरून फ्रेटवरून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून, नजर टाकली आणि म्हणाला, “रंग झिजलाय, पडदे मात्र कुणी वाजवलेलेच नाहीत.”

या सतारमेकरांची नजर सवयीने तिथेच जाते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारा घासून खाचा पडतात, जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, जाते, मग कानसने घासून ती पुन्हा काढायची. वाजवलेलं वाद्य म्हणजे त्यांच्या लेखी दुरुस्तीला आलेलं वाद्य. त्यांच्याकडे जुना तानपुरा येतो तो पॉलिश करून नव्यासारखा करायला, नवा जुनाट करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक येत नसावं. गिटारीचंही तेच. पहिल्या तीन-चार फ्रेटवर, पातळ तारांखाली चपट्या खळ्या दिसल्या तर ती खरी वाजलेली. ती झीज कोणी मुद्दाम करून विकत नाही, कारण त्याने सूर बिघडतो, तार खडखडते. जुनी गिटार घ्यायला गेलात तरी आधी हेच बघा.

दुसऱ्याची झीज अंगावर घालण्याची हौस मात्र मला समजते. रोरी गॅलघर या आयरिश गिटारवादकाने 1963 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात फेंडरची 1961 ची स्ट्रॅटोकास्टर गिटार घेतली आणि आयुष्यभर ती इतकी वाजवली की घामाने जवळजवळ सगळा रंग गेला. फेंडरने त्या गिटारीची हुबेहूब, रंग उडालेली प्रतही विकली. मूळ गिटार 2024 मध्ये लिलावात साडेआठ लाख पौंडांहून जास्तीला गेली आणि आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. त्याचा घाम विकत घ्यावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण कोल्हापुरी चप्पल दुसऱ्याच्या पायाने सैल करून घेतलेली आपण घालत नाही, एवढं मला आपलं वाटतं.

रिलिक घेणारच असाल तर रंगाचा थर कशाचा आहे ते विचारा. महागड्या रिलिकवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं, पातळ आणि नाजूक. स्वस्त स्टँडच्या रबराला टेकवून ठेवली तर ते मऊ पडून डाग पडतो. जिथे लाकूड उघडं ठेवलंय तिथे पावसाळ्यात ओल शिरते, नेक वाकतो, सेटअप वरचेवर करावा लागतो. साध्या गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. तो झिजत नाही, आदळला की टवका उडतो. म्हणजे चकचकीत घेऊन ‘वाजवून जुनी करू’ म्हणालात तर गॅलघरसारखी होणार नाही, कपबशीसारखी होईल.

माझा कल विचाराल तर साधी घ्या आणि वाचलेल्या वीस हजारांतून फ्रेट लेव्हल (सगळे फ्रेट एका पातळीत आणणं), चांगला सेटअप आणि जाड पॅडिंगची बॅग करा.

सँडपेपरचं तेवढं राहिलं. समोरच्या बाजूला लावू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने लावला, जाड थरांच्या कडा वर्तुळं वर्तुळं उठल्या आणि गिटार खरूज झालेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. नेकच्या पाठीला मात्र भांडी घासायची हिरवी घासणी, नवी आणि कोरडी, घेऊन हलक्या हाताने लांबीच्या दिशेने अर्धा तास घासा. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या, जोडावर आधी कागदी टेप लावा. लोखंडी वूल वापरलंत तर पिकअप नीट झाकून घ्या, त्याचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. मग सुती फडक्याने पुसा. त्या वीस हजारांतलं तुमच्या हाताला आवडलेलं जे काही होतं, त्यातलं बरंचसं या दहा-वीस रुपयांच्या घासणीत येतं. समोरच्या टवक्यांची काळजी करू नका, कार्यक्रम सुरू झाले की टेम्पोवाले आहेतच.