आधी ‘आउट’ म्हणाली, मग आमच्याकडे पाहिलं

मावशी, माझी मुलगी १२ वर्षांची आहे, चौदा वर्षांखालच्या गटात टेनिस खेळते. गेल्या महिन्यात नाशिकहून सोलापूरला स्पर्धेला गेलो होतो. खुर्चीवर अंपायर नव्हता, आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते मुलींनीच सांगायचं. शेवटच्या सेटमध्ये ४-४ असताना समोरच्या मुलीचा बॉल लाइनवर पडलेला मी स्वच्छ पाहिला. आमच्या लेकीने बोट वर करून ‘आउट’ दिला. आणि लगेच कोर्टाच्या कुंपणजाळीबाहेर, आमच्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. ती जिंकली. गाडीत मी विषय काढला तर हे म्हणाले, “सगळेच करतात. आपणच काय हरिश्चंद्र व्हायचं?” तेव्हापासून लेक माझ्याशी मॅचबद्दल बोलत नाही. मी चुकले का?

– जाळीबाहेरची आई

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘आउट’चं नव्हे, त्याच्या पुढचं. बॉल कुठे पडला हे कळायला तिला आईबापाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. ‘हे चालेल ना?’ एवढंच ती विचारत होती. गप्प बसून तुम्ही ‘चालेल’ म्हणालात, आणि गाडीत बसल्यावर ‘चालणार नाही’. आता तिने कुठलं खरं धरायचं?

तुम्हाला बोल लावत नाही. तुमच्या जागी मीही गप्पच बसले असते. भाच्याच्या स्पर्धांना डबे घेऊन मी पुष्कळ उन्हं काढली आहेत. तिसरा सेट सुरू झाला की भल्याभल्यांची तोंडं कशी होतात ते पाहिलंय.

आणि या पोरांवर टाकलेला भारही बघा. विंबल्डनने २०२५ पासून लाइन जज काढून ते काम यंत्राकडे दिलं. तुमच्या लेकीच्या मॅचला खुर्चीवर अंपायर नव्हता, म्हणजे आपल्या बाजूचा न्यायाधीश तीच आणि खेळाडूही तीच. क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर निदान बॉलचा ठसा राहतो, टणक हार्ड कोर्टवर तोही नाही. नियम मात्र सरळ आहे: शंका असेल तर बॉल आत. चुकून ‘आउट’ दिला आणि लक्षात आलं, तर बदलता येतो. पहिल्या वेळी पॉइंट पुन्हा खेळतात. समोरचीचा तो थेट पॉइंट मिळवणारा फटका असेल, किंवा त्याच मॅचमधली ही दुसरी चूक असेल, तर पॉइंट समोरचीचा. म्हणजे तोंडातून गेलेला शब्द मागे घेण्याची सोय खेळातच आहे. हे तिला कुणी सांगितलंय का?

तुमच्या यजमानांचं ‘सगळेच करतात’ अगदीच खोटं नाही, बरीच मुलं करतात. पण त्यावर उपाय आपणही करणं हा नव्हे. समोरची चुकीचे कॉल देतेय असं वाटलं तर खेळ थांबवून, हात वर करून स्पर्धेच्या रेफरीला बोलवायचं. लाजाळू मुलींना हे फोरहँडपेक्षा अवघड जातं. घरी अंगणात सराव करून घ्या, तुम्ही कॉल चुकीचे द्या आणि तिला हुज्जत घालू द्या. मजा येईल.

तिच्याशी बोलताना मात्र ‘तू फसवलंस’ने सुरुवात करू नका. आधी स्वतःचं सांगा: “बॉल आत होता. मला दिसला होता. मी बोलले नाही, कारण मलाही तू जिंकायला हवी होतीस.” मग थांबा. ती रडेल, चिडेल, किंवा दप्तर आवरायला लागेल. चालेल. त्या मुलीची माफी मागायला लावू नका. या वयोगटात त्याच त्या मुली पुन्हा पुन्हा समोर येतात, काय करायचं ते तिचं तिला सुचेल.

आणखी एक. प्रवास, हॉटेल, कोचची फी, गटिंग (रॅकेटला नव्या तारा बसवणं) यांचा हिशेब तिच्यासमोर होतो का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत होतो. ४-४ला त्या पोरीच्या रॅकेटवर तो सगळा खर्च बसलेला असतो. ज्या गुणांसाठी एवढा जीव काढतो ते वर्षभराने रँकिंगमधून गळतात, आणि चौदा संपलं की तो गटही संपतो.

राहिले यजमान. त्यांना हे उत्तर वाचून दाखवू नका, उगाच माझ्यावर चिडतील. पुढच्या स्पर्धेत मॅच सुरू झाली की दुसरी रॅकेट त्यांच्या हातात द्या आणि गटिंग करून आणायला पाठवा. तुम्हीही जाळीपासून उठून झाडाखाली बसा, जिथून लाइन दिसत नाही. सोलापूरच असेल तर येताना त्यांना शेंगाचटणी आणायला सांगा, तेवढाच अर्धा तास जास्त जाईल.

– मावशी