न्यूरोपथीमुळे (नसा खराब झाल्याने) रात्री तळपाय जळतात, बर्फाच्या पाण्यात पाय ठेवले तर चालतात का?

बर्फात नका ठेवू जी, साधं गार पाणी पाच-दहा मिनिटं बस, मग बोटांच्या मधलंही नीट पुसून कूलरची हवा घ्या. माझ्या आईला शुगरमुळे हाच त्रास आहे, तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की नसा खराब झाल्या की आग होते पण खरं गार-गरम कळतच नाही, बर्फाने कातडी खराब झाली तरी पत्ता लागत नाही. आपल्याकडे मे मधे टाकीचं पाणीच तापलेलं असते म्हणून आधी कोपराने पहा, अन् गच्चीवर, मंदिराच्या फरशीवर अनवाणी अजिबात नको. रोज रात्री झोप मोडत असेल तर सहन करत बसू नका, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. फक्त आग शुगरचीच असेल असं नाही, शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊनही आग होऊ शकते, ते पण तपासून घ्या.