त्यांना कळतच नसेल तर कशासाठी?

प्रश्न : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. दर रविवारी मी त्यांची दाढी करतो. ते मला ओळखत नाहीत. मध्येच हात झटकतात. मग मी थांबतो, पुन्हा साबण लावतो. अस्तित्ववाद वाचणारा मित्र म्हणतो, "आयुष्याला मुळात अर्थच नसतो. तू चांगल्या मुलाची भूमिका वठवतोयस, इतकंच." तेव्हापासून रेझर हातात घेतला की वाटतं, हे प्रेम की नुसती सवय? मला सुटका तर नाहीच. मग अर्थ काय या सगळ्याला?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या मित्राने अस्तित्ववाद मांडणारा फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र अर्धाच वाचला असावा. ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसच्या एका व्याख्यानात ज्याँ-पॉल सार्त्रने आपल्या विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, वडिलांचं आईशी पटत नाही, आईला आधार या एकाच मुलाचा. त्याला प्रश्न पडला होता, इंग्लंड गाठून जर्मनांशी लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात जायचं की आईजवळ राहायचं? सार्त्र त्याला म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड. मला हे उत्तर तुटक वाटतं. पेचात सापडलेल्या मुलाला याहून थोडी सोबत हवी होती.

पण त्याच ओघात सार्त्र जे बोलला, ते थेट तुमच्या प्रश्नाला भिडतं. आईजवळ राहण्याइतकं माझं तिच्यावर प्रेम आहे, असं हा मुलगा कधी म्हणू शकेल? राहिल्यावरच. प्रेम आधी तपासून घ्यायचं आणि मग तसं वागायचं, असं होत नाही; ते वागण्यातूनच घडत जातं. म्हणून दाढी करताना मनात डोकावून पुरावा शोधू नका. वडिलांनी हात झटकल्यावर तुम्ही थांबता ना? नुसत्या सवयीने काम उरकणारा थांबत नाही.

अर्थ आयता मिळत नाही, हे मित्राचं म्हणणं सार्त्रलाही मान्य होतं. व्हिक्टर फ्रांकलला मात्र नव्हतं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिएन्नाच्या या मनोविकारतज्ज्ञाच्या मते अर्थ आपण रचत नाही, तो समोरच्या परिस्थितीत सापडतो. इथे मी फ्रांकलच्या बाजूची आहे. वाढलेली दाढी वडिलांना खाजते, टोचते. ही काही तुम्ही रचलेली गोष्ट नव्हे. आणि मुलाचं नाव विसरलेल्या माणसालाही खाज कळते, आराम कळतो.

मला खटकलं ते तुमचं 'सुटका नाहीच'. स्वतःला असं बजावत राहणं, यालाच सार्त्र आत्मवंचना म्हणेल. सुटका आहे. मदतनीस ठेवता येतो, भावंडांना सांगता येतं. अनेक जण तसं करतात आणि त्यात पाप नाही. तुम्ही हे काम निवडलंय, आणि निवडलेल्या कामातून माणूस रजाही घेऊ शकतो. महिन्यातला एखादा रविवार दुसऱ्या कुणावर सोपवा. पहिल्यांदा अपराधी वाटेल, तरी ठरलेलं मोडू नका.