हशा संवादाच्या आधी पेरावा लागतो

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पटकथा सावकाश वाचली. संवाद चुरचुरीत आहेत आणि बोलीचा कान तुझ्याकडे निश्चित आहे. परंतु तुझा नायक मुळात खोटे का बोलतो, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही, आणि विनोदी हिंदी चित्रपटाचा डोलारा बहुधा याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो. ‘गोलमाल’ (१९७९) पुन्हा पाहा. कंपनीचे मालक भवानीशंकर यांना मिशी नसलेला, खेळांत रमणारा तरुण खपत नाही आणि नायक रामप्रसादला त्यांच्याकडची नोकरी हवी आहे. म्हणून आई आजारी असल्याची थाप मारून सामना पाहायला गेलेला रामप्रसाद त्यांच्या दृष्टीस पडतो, तेव्हा त्याला बिनमिशीचा जुळा भाऊ निर्माण करावा लागतो, पुढे आईही उभी करावी लागते. राही मासूम रझा यांचे संवाद मला फार प्रिय आहेत, मात्र त्यांना धार येते ती रामप्रसादच्या कोंडीमुळे. तुझ्या नायकाची कोंडी मला कुठे दिसलीच नाही.

निर्मात्याला किंवा नटाला पटकथा वाचायला देण्याऐवजी ती बहुधा ऐकवावी लागते. अशा नॅरेशनमध्ये विनोदाच्या पंचलाइनवर थांबून हशाची वाट पाहू नकोस. प्रसंग सरळ सांगत जा, म्हणजे ऐकणारा कुठे सैलावतो हे तुला कळेल.

व्यवहाराकडे दुर्लक्ष करू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेये आहेत. त्यांपैकी तुझे कोणते, हे लेखन सुरू करण्यापूर्वी करारात लिहून घे आणि मानधनाचे हप्ते चित्रपटाच्या प्रदर्शनाशी न बांधता प्रत्येक खर्ड्याशी बांध. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन पटकथेची नोंदणी कर, कारण वाद उद्भवल्यास ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीतील लेखकाचा समान वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. तसे कलम करारात दिसले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखव.

पुढच्या वेळी संवाद अजिबात पाठवू नकोस. केवळ प्रसंगांचा क्रम पाठव आणि प्रत्येक प्रसंगासमोर नायकाला त्या क्षणी काय गमावण्याची भीती आहे, ते एका वाक्यात लिही.

तुझा हितचिंतक