मासा पाण्यावर नको, पाण्यात हवा

प्रश्न : ताई, कृष्णेच्या घाटाचं लाकडी छापचित्र करतेय. निळा, हिरवा, काळा असे तीन ठसे आहेत. नदी साचलेली वाटते आणि मासे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा माशाभोवती काळी रेघ पूर्ण फिरवली आहे. मीही बरीच वर्षं तेच करत होते. ती रेघ तोडा. पाठ गडद ठेवा, पोट पाण्याच्या रंगात विरू द्या आणि पाण्याच्या दोन-तीन रेघा माशाच्या अंगावरून जाऊ द्या. डच चित्रकार एशरचं १९५५चं ‘तीन जगं’ हे शिळाछाप जरूर बघा. तरंगती पानं पाण्याचा पृष्ठभाग दाखवतात, झाडांची उलटी प्रतिबिंबं काठ दाखवतात, म्हणून मासा आपोआप खाली जातो. तुमच्याकडेही एखादं पान तरंगू द्या!

प्रवाहासाठी मी जपानी चित्रकार होकुसाईकडे जाते. १८३३च्या सुमारास त्याने धबधब्यांची ८ चित्रं केली. त्यातल्या किरीफुरी धबधब्याच्या चित्रात पाणी खडकांवर फुटून झाडाच्या मुळांसारखं पसरतं. पांढरं पाणी म्हणजे तिथे न छापलेला कागद, त्यालगत प्रशियन निळ्याच्या छटा. म्हणजे फेस कोरून काढायचा असतो, रंगवायचा नसतो. आणि सगळ्या रेघा समांतर नकोत. घाटाच्या पायरीला अडल्या की त्या वळल्या पाहिजेत.

रंग पाण्यात कालवलेला असेल, तर निळा ठसा एका बाजूला ओल्या फडक्याने पुसून छापा. जपानी कारागीर याला बोकाशी म्हणतात. खोल पाणी गडद, काठ फिका. दोन-चार कागद वाया जातील, जाऊ द्या.